‘हेझिटेट’ लिहू की ‘रिलक्टंट’?

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघते. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. परदेशी ग्राहकांना मेल करणं माझ्याकडेच आहे. मागच्या महिन्यात एका जर्मन ग्राहकाच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्यात, दुरुस्ती करायची होती. सुधारित ड्रॉइंगला त्यांची मंजुरी आली नव्हती, म्हणून मी लिहिलं, “वुई आर रिलक्टंट टू करेक्ट द पॅटर्न ॲट धिस स्टेज.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या खरेदी विभागातून मालकांना थेट फोन. आमचं काम तुम्हाला नको आहे का, म्हणून. मालक चिडले. म्हणाले, “हेजिटेट लिवायला काय झालं हुतं?” मी डिक्शनरी काढली तर दोन्ही शब्दांपुढं जवळपास तेच: संकोच करणारा, आढेवेढे घेणारा, नाखूश. मग माझं चुकलं काय? दुसरं, आमचे सिनिअर म्हणतात, मेलच्या शेवटी “प्लीज डू नॉट हेजिटेट टू कॉन्टॅक्ट अस” लिहू नये, समोरच्याला बुजरा म्हटल्यासारखं होतं. खरं का? आणि तिसरं, विचारू की नको असं झालंय, पण विचारते. लिहिताना माझं निभतं, बोलताना मात्र फार हेजिटेशन होतं. आता त्याच ग्राहकाबरोबर व्हिडिओ कॉल ठरलाय आणि मालक म्हणतात, तूच बोल. काय करू?’

तुमचं व्याकरण चुकलेलं नाही, हे सगळ्यात आधी सांगते. वाक्य चोख आहे. ‘रिलक्टंट’नंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापद लागतं, ते तुम्ही बरोबर लावलं आहे. घोटाळा अर्थाचा झाला, आणि तो तुमच्या लक्षात येऊ नये अशीच आपल्या इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्यांची मांडणी असते. एका शब्दापुढं चार मराठी शब्द स्वल्पविराम देऊन ठेवलेले. त्या चारांतला कुठला कधी चालतो, याबद्दल एक अक्षर नाही. वाचणाऱ्याने काय करावं?

त्यात आपला ‘संकोच’ हा शब्द फार कामाचा आहे. पंगतीत पांढरा रस्सा दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो, दिलेले उसने पैसे परत मागायला संकोच वाटतो, साहेबांच्या केबिनचं दार वाजवायला संकोच वाटतो, आणि पटत नसलेल्या कागदावर सही करायलाही संकोच वाटतो. मराठीत चारही वाक्यं बिनचूक आहेत. इंग्रजी माणूस मात्र पहिल्या ठिकाणी ‘शाय’ म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी ‘एम्बॅरस्ड’, दाराशी घुटमळणाऱ्याला ‘हेझिटेट’ म्हणेल आणि सहीच्या वेळी ‘रिलक्टंट’. आपण एका शब्दातून निघतो आणि तिकडं चार दारं उघडी दिसतात. तुम्ही चौथ्या दारातून आत गेलात, जायचं होतं तिसऱ्या दारातून. खरं तर तुम्हाला कुठल्याच दारातून जायची गरज नव्हती. त्याकडे येतेच.

दोघांतला फरक एका घरगुती प्रसंगावरून बघू. धाकट्या भावाने दहा हजार रुपये मागितले. तुम्ही क्षणभर थांबलात, कारण खात्यात किती शिल्लक आहे आणि गॅसची टाकी, मुलाची फी यांतून काय उरेल, याचा हिशेब मनात चालू होता. हिशेब जमला आणि तुम्ही आनंदाने दिले. याला इंग्रजीत म्हणतील, ‘शी हेझिटेटेड, बट शी गेव्ह हिम द मनी.’ आता दुसरी गोष्ट. खात्यात पैसे आहेत, हिशेबाची गरजच नाही, पण मागच्या वेळचे त्याने अजून परत केलेले नाहीत. द्यायची इच्छा नाही. आई म्हणाली म्हणून दिले, तोंड पाडून दिले. हे झालं ‘शी वॉज रिलक्टंट, बट शी गेव्ह हिम द मनी.’ दोन्हीकडं भावाच्या हातात दहा हजारच पडले. पहिल्यात निर्णय व्हायचा होता म्हणून पाऊल थांबलं. दुसऱ्यात पाऊल पुढं पडलं तरी मन मागेच राहिलं.

म्हणून ‘आफ्टर सम हेझिटेशन ही एग्रीड’ म्हटलं की माणूस विचार करून राजी झाला, आता पक्का आहे. ‘ही एग्रीड रिलक्टंटली’ म्हटलं की तो कबूल झाला खरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

शब्दांचं मूळ बघितलं की हा फरक कायमचा डोक्यात बसतो, आणि कोल्हापूरच्या माणसाच्या तर नक्कीच. ‘हेझिटेट’ आला लॅटिनमधून. तिथं ‘हाएरेरे’ म्हणजे चिकटणे, अडकून बसणे. पुन्हा पुन्हा अडकणे ते ‘हाएसितारे’, आणि त्यावरून हेझिटेट. ‘ॲडहेसिव्ह’ म्हणजे चिकटवायचा पदार्थ, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे हेझिटेट करणाऱ्याचं पाऊल जागच्या जागी चिकटलेलं असतं. त्याला कोणाशी वैर नाही. ‘रिलक्टंट’चं मूळ वेगळंच आहे. लॅटिनमध्ये ‘लुक्तारी’ म्हणजे कुस्ती खेळणे. त्याच्या आधी ‘रे’ लागला की अर्थ होतो उलटा जोर लावणे, समोरच्याला रेटून धरणे. खासबागेच्या मातीत खाली गेलेला पैलवान चीत व्हायला तयार नसतो, मान ताठ करून, कोपर मातीत रोवून वरच्याला रेटत राहतो, तसं. गंमत म्हणजे १९१२ मध्ये उभं राहिलेलं आपलं खासबाग मैदान शाहू महाराजांना सुचलं ते रोममधलं जुनं क्रीडांगण बघून, असं सांगतात. शब्दही तिकडचा, आखाड्याची कल्पनाही तिकडची.

आता तुमचं वाक्य त्या जर्मन माणसाच्या डोळ्यांनी वाचा. तुम्हाला म्हणायचं होतं, तुमची मंजुरी आली की लगेच काम सुरू करतो. त्याने वाचलं, आम्ही तुमच्या कामाविरुद्ध जोर लावतोय. शिवाय इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही, हे विसरू नका. तोही आपल्या डिक्शनरीतूनच वाचतो. जर्मनमध्ये ‘रिलक्टंट’साठी एक शब्द आहे ‘वीडरविलिश’. त्यातला ‘वीडर’ म्हणजे विरुद्ध आणि ‘विले’ म्हणजे इच्छा. ‘आमच्या इच्छेविरुद्ध’ असं ऑर्डर देणाऱ्याला वाचायला मिळालं तर तो फोन उचलणारच.

तरीही तुमच्या मालकांचा उपाय मला पूर्ण पटत नाही. ‘वुई आर हेझिटेटिंग टू करेक्ट द पॅटर्न’ लिहिलं असतं तर राग आला नसता, पण प्रश्न उरला असता. का थांबलात? जमत नाही का? दुरुस्ती कशी करायची ते कळलं नाही का? ‘हेझिटेट’ काय किंवा ‘रिलक्टंट’ काय, दोन्ही शब्द लिहिणाऱ्याच्या मनाकडं बोट दाखवतात. तुमच्या मनात तर काहीच नव्हतं. अडलेलं होतं ते बाहेर, एका ड्रॉइंगच्या मंजुरीवर. मग तेच लिहायचं. ‘वुई आर रेडी टू करेक्ट द पॅटर्न. वुई विल स्टार्ट ॲज सून ॲज वुई रिसीव्ह युअर अप्रूव्हल ऑफ द रिव्हाइज्ड ड्रॉइंग.’ आम्ही तयार आहोत, मंजुरी आली की लगेच सुरू. यात संकोचाचा शब्दच नाही. समोरच्याला आपली बाजू कळते आणि आता चेंडू कोणाकडं आहे तेही कळतं. व्यवहाराच्या पत्रात मनःस्थिती सांगण्यापेक्षा कारण सांगावं, असं मला फार ठामपणे वाटतं. पॅटर्न एकदा चुकीचा कापला की तो लाकूड आणि मजुरीसकट वाया जातो. थांबण्याचं कारण तुमच्याकडं भक्कम होतं. ते लिहायचं राहिलं, एवढंच.

खरोखर मनात शंका असेल तेव्हा काय लिहायचं, तेही सांगून ठेवते, कारण असे प्रसंग येणारच. ग्राहकाने दिलेली मुदत अशक्य वाटते, किंवा करारातलं एखादं कलम खटकतं. अशा वेळी ‘रिझर्व्हेशन्स’ हा शब्द उत्तम. ‘वुई हॅव सम रिझर्व्हेशन्स अबाउट द डिलिव्हरी डेट.’ रेल्वेच्या रिझर्व्हेशनशी याचा संबंध नाही. इथं अर्थ होतो, बाकी सगळं मान्य, एवढ्या एका मुद्द्यावर मनात किंतु आहे. सभ्य शब्द आहे आणि पुढं बोलायला वाट ठेवतो. तो अनेकवचनीच वापरा आणि पुढच्याच वाक्यात कारण द्या. एका शब्दापासून मात्र लांब राहा, तो म्हणजे ‘रेटिसंट’. हल्ली पुष्कळ लोक तो ‘रिलक्टंट’च्या जागी टाकतात. त्याचा जुना अर्थ कमी बोलणारा, मनातलं बाहेर न काढणारा असा आहे, आणि जाणकार वाचणाऱ्याला तो दुसऱ्या अर्थाने खटकतो.

‘हेझिटेट’ हा शब्द वाक्यात कसा बसतो तेही एकदा नीट बघून घ्या. त्याच्यामागं ‘टू’ येतो: ‘आय हेझिटेट टू आस्क.’ एखाद्या गोष्टीबद्दल द्विधा असेल तर ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’: ‘दे हेझिटेटेड ओव्हर द प्राइस.’ काही करण्याआधी थांबलात तर ‘बिफोर’: ‘शी हेझिटेटेड बिफोर साइनिंग.’ ‘हेझिटेट फ्रॉम’ आणि ‘हेझिटेट फॉर’ मला मेलांमध्ये नेहमी दिसतात. एखादी गोष्ट करायला कचरणं या अर्थाने दोन्ही चूक. ‘बोलण्यापासून कचरते’ असं काहीतरी मनात असतं आणि त्यातून ‘फ्रॉम’ उगवतो. नाम वापरायचं तर ‘हेझिटेशन’, आणि त्याची ठरलेली जागा आहे शिफारसपत्रात: ‘आय हॅव नो हेझिटेशन इन रेकमेंडिंग हर.’ इथं ‘इन’ येतो आणि पुढं ‘इंग’वालं रूप. मागेपुढे न बघता शिफारस करते, असा त्याचा अर्थ.

उच्चाराचं थोडं. आपण बहुतेक जण ‘हेजिटेट’ किंवा ‘हेसिटेट’ म्हणतो. मधला आवाज ‘माझा’मधल्या झ-सारखा आहे, ‘माझी’मधल्या झ-सारखा नाही. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा, जिभेची जागा बदलते ते कळेल. ‘माझा’ म्हणताना जीभ दाताजवळ असते. तोच आवाज हवा. आणि जोर पहिल्या अक्षरावर, ‘हे’वर. त्याच घराण्यातल्या ‘ॲडहेसिव्ह’मध्ये मात्र साधा ‘स’ आहे.

याच शब्दाचं एक भावंड आहे, ‘हेझिटन्सी’. ‘हेझिटेशन’ म्हणजे एका प्रसंगी आलेला थांबा. ‘हेझिटन्सी’ म्हणजे तशी वृत्ती, टिकून राहिलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आरोग्याला असलेल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली, त्यात ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ होती. लस हाताशी असूनही घ्यायला चालढकल करणं किंवा नकार देणं, असा त्यांचा अर्थ आहे. करोना यायच्या आधीचं हे. नंतर हा शब्द बातम्यांमधून घरोघरी पोचला. तुम्हाला मेलमध्ये तो फारसा लागणार नाही, पण वाचनात आला तर गोंधळू नका.

आता तुमच्या सिनिअरांचा मुद्दा. ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस’ यात अपमान बिलकूल नाही. आपण म्हणतोच की, ‘निःसंकोच कळवा’. म्हणजे समोरचा बुजरा आहे असं थोडंच म्हणायचं असतं? ‘तुम्हाला त्रास द्यायला नको म्हणून तुम्ही थांबाल, तसं थांबू नका’, हे त्या वाक्यात अध्याहृत असतं. आपल्याकडं याहून सुंदर बोललं जातं, ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’. इंग्रजी वाक्याची जात तीच.

सिनिअरांचं म्हणणं एका अंगाने मात्र खरं आहे. ते वाक्य प्रत्येक मेलच्या तळाशी चिकटवलं की कोणी वाचत नाही. जिथं समोरचा खरोखरच थांबण्याची शक्यता आहे, तिथंच ते बोलतं. पहिली बॅच पाठवलीत आणि ग्राहक नवीन आहे. एखादं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासणीत नापास झालं तर एवढ्याशासाठी कशाला लिहायचं, असं त्याला वाटू शकतं. तिथं लिहा, ‘इफ यू फाइंड एनी डिफेक्ट, हाउएव्हर स्मॉल, प्लीज डू नॉट हेझिटेट टू टेल अस.’ आता त्या वाक्याला वजन आलं. बिलाची प्रत पाठवताना ते कशाला हवं? तिथं ‘प्लीज लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग एल्स’ पुरे.

आणि एक सावधगिरी. याच शब्दांचा कर्ता बदलला की मेलाची नोटीस होते. ‘प्लीज डू नॉट हेझिटेट’ हे निमंत्रण आहे. ‘वुई विल नॉट हेझिटेट टू टेक लीगल ॲक्शन’ ही धमकी आहे, वकिलाच्या पत्रातलं हुकमी वाक्य. ‘कारवाई करायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही.’ मराठीत आपण या दोन जागी दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवले आहेत, एकीकडं ‘निःसंकोच’ आणि दुसरीकडं ‘मागेपुढे न पाहता’. त्यामुळं कधी गफलत होत नाही. इंग्रजीत शब्द एकच आहे. म्हणून चांगल्या हेतूनेसुद्धा ‘वुई विल नॉट हेझिटेट टू…’ असं वाक्य सुरू करताना पुढं काय येतंय ते बघा. ‘वुई विल नॉट हेझिटेट टू स्टॉप द डिस्पॅच’ म्हटलंत तर तुम्हाला दर्जाची काळजी सांगायची असेल, पण वाचणाऱ्याला दम दिल्यासारखं वाटेल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार आवडली. ‘विचारू की नको असं झालंय, पण विचारते.’ हेच इंग्रजीत ‘आय हेझिटेट टू आस्क, बट…’ होतं. कोणाला जादा सवलत मागायची, मुदत वाढवून मागायची, तेव्हा ते वापरून बघा. मागणी करतोय आणि त्याची जाणीवही आहे, असं दोन्ही त्यात येतं. नम्रता येते आणि लाचारी येत नाही. हे वाक्य तुम्हाला मराठीत सहज सुचलं, याचा अर्थ हा शब्द तुम्हाला आतून कळलेला आहे.

आता तिसरा प्रश्न. तुम्ही तो शेवटी आणि भीत भीत विचारलात, पण माझ्या मते पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय.

‘मला हेझिटेशन होतं’ याचं इंग्रजी ‘आय ॲम हॅविंग हेझिटेशन’ होत नाही. ‘आय ॲम नॉट व्हेरी कॉन्फिडंट व्हेन आय स्पीक इंग्लिश’ असं होईल. पण हे वाक्य कॉलवर म्हणू नका. सुरुवातीलाच स्वतःच्या इंग्रजीबद्दल माफी मागायची आपल्याकडं रीतच पडली आहे, आणि मला ती मनापासून नकोशी वाटते. समोरचा तुमचं कास्टिंग विकत घेतोय. त्याला मापं, तारखा आणि दर कळले की झालं. तो स्वतः परक्या भाषेत बोलणार आहे, तोही मध्ये थांबणार आहे.

थांबणं हा दोष नाही, हे तुम्हाला पटायला हवं. आपण मराठीत बोलताना ‘म्हणजे’, ‘आपलं ते हे’, ‘काय म्हणतात त्याला’ असं किती वेळा म्हणतो ते एकदा घरात कान देऊन ऐका. आपल्या मातृभाषेत आपण सतत थांबतो आणि कोणी त्याला हेझिटेशन म्हणत नाही. इंग्रजी माणसंही थांबतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ मध्ये याच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या ‘अ…’ आणि ‘अम…’ या दोन आवाजांत त्यांना फरक दिसला. ‘अ’नंतरचा थांबा बहुधा छोटा असतो, ‘अम’नंतरचा लांब. म्हणजे बोलणारा नकळत सांगत असतो की थांबा जरा, शब्द शोधतोय, अजून माझंच चालू आहे. तुम्ही शब्द शोधताना एकदम गप्प होता, तेव्हा पलीकडच्याला वाटतं की आवाज गेला किंवा तुमचं बोलणं संपलं, आणि तो बोलायला लागतो. मग तुमचं राहूनच जातं. म्हणून थांबताना तोंडाने काहीतरी म्हणा. ‘वन मोमेंट, आय ॲम चेकिंग द ड्रॉइंग.’ ‘लेट मी सी.’ एवढं म्हणून पाच सेकंद शांत राहिलात तर ती शांतता तुमची असते.

समजलं नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असं विचारा. उत्तर माहीत नसेल तर ‘आय विल चेक विथ अवर प्रॉडक्शन टीम अँड कम बॅक टू यू बाय टुमॉरो.’ ही दोनच वाक्यं तोंडात बसली तरी निम्मा कॉल पार पडतो. ती कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेलं जिभेच्या कामी येत नाही.

आकडे मात्र वेगळे बसून म्हणा, कारण फौंड्रीच्या कॉलवर घसरतं ते आकड्यांवरच. १२.७५ मिलिमीटर हे आपण ‘बारा पॉइंट पंचाहत्तर’ म्हणतो आणि घाईत ‘ट्वेल्व्ह पॉइंट सेव्हंटी फाइव्ह’ तोंडातून जातं. इंग्रजीत दशांश चिन्हानंतरचा एकेक अंक सुटा वाचतात, ‘ट्वेल्व्ह पॉइंट सेव्हन फाइव्ह’. १२.०५ असेल तर ‘ट्वेल्व्ह पॉइंट झीरो फाइव्ह’. यातला शून्य गिळला गेला तर माप १२.५ झालं, आणि त्या मापाची कास्टिंग्ज ढीगभर पडून राहतील. ज्या पॅटर्नवरून हे सगळं झालं, त्याच्या ड्रॉइंगवरची मापं अशीच एकेक करून वाचा. एक वाकडी गोष्टही आहे: जर्मनीत लिहिताना दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. त्यांच्या ड्रॉइंगवर १२,७५ दिसलं तर ते बारा हजार वगैरे काही नाही, ते पावणेतेरा मिलिमीटर आहे.

आता थोडं अवघड बोलते. तुम्ही लिहिताय की लिहिताना निभतं, बोलताना अडतं. मला शंका आहे की तुम्ही त्या जर्मन माणसासमोर अडत नाही, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मालकांसमोर अडता. परक्या माणसापुढं आपण चुकतमाकत का होईना बोलतो. ओळखीच्या, पगार देणाऱ्या, नुकत्याच रागावलेल्या माणसासमोर जीभ जड होते. ही भीड आहे, तिचा इंग्रजीशी फारसा संबंध नाही, आणि डिक्शनरीने ती जाणार नाही. तेव्हा मालकांना आधीच सांगा: ‘सर, पहिली दहा मिनिटं मी एकटी बोलते, दराचा विषय निघाला की तुम्ही या.’ एमआयडीसीतल्या मालक मंडळींचा आवाज मोठा असला तरी काम करणाऱ्या माणसाचं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. आणि त्यांनी ‘तूच बोल’ म्हटलंय, हे विसरू नका. तुमच्यावरचा विश्वास उडाला असता तर त्यांनी पुण्याहून कोणाला तरी बसवलं असतं.

कॉलची सुरुवात त्या मेलनेच करा. टाळू नका, तो विषय दोघांच्याही मनात असणार. ‘आय वुड लाइक टू क्लॅरिफाय माय मेल. वुई वेअर ओन्ली वेटिंग फॉर युअर अप्रूव्हल. वुई आर हॅपी टू डू धिस जॉब.’ तीन छोटी वाक्यं. माफीची गरज नाही, खुलासा पुरे. ‘हॅपी टू’ हे ‘रिलक्टंट टू’च्या नेमकं उलट आहे, आणि त्याला तेच ऐकायचं आहे.

कॉल झाला की त्याच दिवशी, घरी जायच्या आत, ठरलेल्या गोष्टींचा चार ओळींचा मेल टाका. सुरुवात ‘ॲज डिस्कस्ड टुडे’ अशी करा. बोलण्यात काही अर्धवट राहिलं असेल तर ते तुमच्या हातखंड्याच्या जागी, म्हणजे लेखी, पूर्ण होईल. मापं अंकांत लिहा. तारखेतला महिना अक्षरांत लिहा, कारण ५/६ म्हटलं की कोणी पाच जून वाचतो आणि कोणी सहा मे. ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन विषयाच्या ओळीतच टाका, आणि मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत हवी ते शेवटच्या ओळीत ठळक करा. कॉल कसा झाला ते कळवा. त्यांचं उत्तर आलं की तेही पाठवा, त्यातला एखादा शब्द अडला तर आपण पुढच्या वेळी तोच घेऊ.